रायफलीचा मार आणि रायफलीचा भरवसा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी भिवंडी येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस दरवर्षीप्रमाणे 'शिक्षण व संस्कार' हा विषय सुचविला होता. यंदा आम्ही तो नम्रपणे नाकारला आणि रायफलीसारखा आमच्या वृत्तीशी न जुळणारा विषय मागून घेतला. आयुष्यभर खडू व फळा यांच्याशी संबंध आलेल्या माणसाने शस्त्राविषयी बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. त्याचे कारण प्रथम सांगणे आमचे कर्तव्य आहे.

मागील संमेलनात आपल्या ज्ञातीतील, सैन्यात भरती झालेल्या तरुणांचा नारळ व शाल देऊन सत्कार झाला. टाळ्यांचा गजर झाला, छायाचित्रे निघाली. समारंभ संपल्यावर त्यांतील एका तरुणाची आई आमच्याजवळ आली. तो मुलगा आमचाच विद्यार्थी. ती माउली म्हणाली, "गुरुजी, तुम्ही पुष्कळ वाचता म्हणून विचारते. ह्याच्या हातात जी बंदूक देतील ती चांगली असते ना? ऐन वेळी दगा तर नाही ना देणार?" आम्ही "देवाच्या कृपेने सर्व ठीक होईल" असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु घरी गेल्यावर मनास चुटपुट लागली. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि शिक्षकाने उत्तर टाळले, असे आमच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच घडले होते. तेव्हापासून मिळेल ते वाचले, निवृत्त सैनिकांना विचारले, आणि आज त्या माउलीचे उत्तर आपणा सर्वांसमक्ष द्यावयास उभे आहोत.

तिच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. बंदूक चांगली म्हणजे तिची गोळी शत्रूला जागच्या जागी थोपवील काय, हा पहिला. याला आम्ही रायफलीचा 'मार' म्हणू. चाप ओढल्याबरोबर ती उडेल काय, आणि चिखल, धूळ, थंडी यांची पर्वा न करता पुन्हापुन्हा उडेल काय, हा दुसरा. याला 'भरवसा' म्हणू. जगातील रायफलींचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन गुणांतील ओढाताण होय.

प्रथम मार पाहू. आमच्या पिढीने शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतीत जी पाहिली ती थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फील्ड रायफल. तिची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४५ मीटर. पुढे १९६२ नंतर आपल्या सैन्यात आलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या स्वयंभरणी रायफलीची, म्हणजे जिला जवान 'एस. एल. आर.' म्हणत तिची, गोळी साडेनऊ ग्रॅमची व वेग सुमारे ८४०. रशियन कलाश्निकोव्हची गोळीही ७.६२ मिलिमीटरचीच, परंतु काडतूस आखूड; गोळी आठ ग्रॅमची, वेग सुमारे ७१५. आणि आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात आलेल्या इन्सास रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी अवघी चार ग्रॅमची, पण वेग सुमारे ९००. सातवीच्या मुलालाही येणारे गणित आहे: वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणावे. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीची ऊर्जा येते सुमारे ३१०० ज्यूल, एस. एल. आर.ची ३३००, कलाश्निकोव्हची २०००, इन्सासची १६००.

आता कोणीही म्हणेल की ज्याची ऊर्जा अधिक ती रायफल श्रेष्ठ. परंतु प्रकरण इतके सोपे नाही. याचा पहिला धडा आपल्याच देशाच्या सरहद्दीवर मिळाला. १८९५ साली चित्रळच्या मोहिमेत इंग्रजांच्या सैन्याने नवी थ्री-नॉट-थ्रीची गोळी वापरली. ती वेगवान होती, परंतु शरीरातून सुईसारखी आरपार जाई व जखमी पठाण धावतच येई, अशी तक्रार झाली. तेव्हा कलकत्त्याजवळील दमदम येथील कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, शरीरात शिरताच पसरणारी गोळी काढण्यात आली. तीच कुप्रसिद्ध 'दमदम' गोळी. तिने केलेल्या जखमा इतक्या भयंकर होत की १८९९ च्या हेग येथील परिषदेने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. तात्पर्य, गोळीत ऊर्जा किती आहे यापेक्षा ती शरीरात किती उतरते व कोठे उतरते, यावर मार ठरतो. आरपार गेलेली गोळी आपली निम्मीअधिक ताकद पलीकडच्या भिंतीला देते.

मग सैन्यांनी हलकी गोळी का पत्करली? याचे उत्तर पाठीवरच्या ओझ्यात आहे. एस. एल. आर.चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, इन्सासचे सुमारे १२ ग्रॅमचे. म्हणजे तेवढ्याच वजनात जवान दुप्पट काडतुसे नेऊ शकतो. ज्याने सह्याद्रीचा एखादा गड चढला असेल, त्याला एक किलो वजन म्हणजे काय हे सांगावयास नको. मग हिमालयातील पंधरा-सोळा हजार फुटांची गोष्टच सोडा. शिवाय हलक्या गोळीचा धक्का खांद्याला कमी बसतो, नेम ढळत नाही, दुसरी गोळी लवकर सुटते. आणखी एक युक्तिवाद त्या काळी केला जाई: शत्रू ठार होण्यापेक्षा जखमी झालेला बरा, कारण त्याला उचलून न्यावयास आणखी दोघे गुंततात. हे कागदावर ठीक आहे. परंतु जो मरावयासच आला आहे, आणि ज्याचे साथीदार त्याला उचलून नेण्यास थांबणार नाहीत, अशा घुसखोराशी काश्मीरच्या जंगलात दहा पावलांवर गाठ पडली, तर जखमी घुसखोराचे बोटही चापावर असतेच. जवानांनी या गोळीविषयी नाराजी दाखविली ती याच अनुभवाने.

तरीसुद्धा आमच्या समजुतीप्रमाणे माराचा प्रश्न दुय्यम होय. वाईट जागी लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षा योग्य जागी लागलेली लहान गोळी अधिक थोपविते. आणि जी गोळी नळीतून सुटलीच नाही, तिची ऊर्जा शून्य. येथून आपण दुसऱ्या गुणाकडे, भरवशाकडे वळू.

आपण भिवंडीकर. आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरे मागावर जगली. म्हणून हा विषय आम्ही मागाच्याच भाषेत सांगतो. आमच्या वडिलांचे चार जुने यंत्रमाग होते. प्रत्येक सांधा किंचित ढिला, खडखडाट असा की शेजारच्याशी ओरडून बोलावे. रुईचा भुगा सर्वत्र साचलेला, तेल निथळणारे, पण माग चालत. पुढे एका नातेवाइकाने नवे, बारीक मापाचे, वेगवान माग घेतले. कापड सुरेख निघे. परंतु जरा भुगा साचला, जरा आर्द्रता बदलली, की माग उभा. आणि जॉबर येईपर्यंत मालक कपाळाला हात लावून बसलेला. जुना माग चांगला की नवा? कापडाच्या दृष्टीने नवा. धुळीच्या दृष्टीने जुना. रायफलीचेही नेमके हेच आहे.

पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याकडे रॉस नावाची रायफल होती. नेमबाजीच्या सामन्यात तिला तोड नव्हती. परंतु एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत, खंदकातील चिखलात व भराभर गोळीबाराच्या उष्णतेत तिचे बोल्ट अडकू लागले. पुष्कळ जवानांनी ती टाकून मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या. १९१६ साली रॉस आघाडीवरून काढून घेण्यात आली. पुढे ती उरली ती लपून एकेक नेम साधणाऱ्या निवडक नेमबाजांच्या हाती. ली-एन्फील्ड तिच्याइतकी नेमकी नव्हती, पण चिखल सोसणारी होती. दहा काडतुसांचे मॅगझीन, थोड्याशा हालचालीत मागेपुढे होणारा बोल्ट, यांमुळे सरावलेला जवान मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. हिचीच काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात होत. १८६९ साली स्थापन झालेल्या त्या कारखान्याची 'के. एफ.' ही मुद्रा त्या पितळी पुंगळ्यांच्या बुडाशी असे.

परंतु प्रत्येक वेळी हाताने बोल्ट ओढणारी रायफल काळाच्या मागे पडली, हे आपणांस फार महाग किमतीत कळले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या कुमाऊँ पलटणीच्या तुकडीने याच रायफलींनिशी चिनी सैन्याच्या लाटांवर लाटा अंगावर घेतल्या. समोर स्वयंभरणी व स्वयंचलित शस्त्रे होती. सव्वाशेच्या आसपास असलेल्या त्या तुकडीतील शंभरावर वीर तेथेच पडले, पण मागे हटले नाहीत. त्यानंतर आपल्या ईशापूरच्या कारखान्यातून एस. एल. आर. रायफली सैन्यात आल्या. हिचा मूळ आराखडा बेल्जियमचा. हिच्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. बार उडाला की नळीतील थोडा वायू एका भोकातून दट्ट्यावर येतो व तोच बोल्ट मागे लोटून रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. रायफल मळली व अडखळू लागली, तर जवानाने एक कडे फिरवून अधिक वायू सोडावा आणि दट्ट्याला जोर द्यावा, अशी सोय होती. १९७१ च्या युद्धात बंगालच्या चिखलात ही रायफल आपल्या जवानांच्या खांद्यावर होती. मात्र वाळूशी तिचे जमत नसे. इस्रायलच्या सैन्याला वाळवंटात हा अनुभव आला, आणि १९७० नंतर त्यांनी आपली नवी रायफल कलाश्निकोव्हच्या वळणावर घडविली.

आता ही कलाश्निकोव्ह पाहू. मिखाईल कलाश्निकोव्ह हे रशियन रणगाडा दलातील सार्जंट. १९४१ साली ते जखमी झाले आणि तेव्हापासून शस्त्ररचनेच्या ध्यासाला लागले. १९४७ च्या त्यांच्या आराखड्यावरून ए. के. ४७ हे नाव पडले. १९४९ साली ती रशियन सैन्याने स्वीकारली. तिची रचना आमच्या वडिलांच्या मागासारखी आहे. फिरणाऱ्या भागांत मुद्दाम मोकळीक ठेवली आहे, त्यामुळे वाळू शिरली तरी तिला जावयास जागा असते. दट्ट्या व बोल्ट वाहून नेणारा तुकडा एकसंध व जड आहे. त्याच्या वेगापुढे किरकोळ घाण टिकत नाही. काडतूस निमुळते असल्याने ते नळीतून सहज सुटते, आणि नळीला आतून क्रोमचा मुलामा असल्याने गंज धरत नाही. या मोकळिकीची किंमत नेमकेपणात चुकवावी लागते. तीनशे मीटरच्या पुढे तिचा नेम एस. एल. आर.इतका खात्रीचा नाही. परंतु तीनशे मीटरच्या आत तिच्याइतकी भरवशाची सोबतीण विरळा.

याच्या उलट अमेरिकेची एम-१६. हलकी, नेमकी, ५.५६ मिलिमीटरची. १९६५ नंतर ती व्हिएतनामच्या जंगलात गेली आणि ऐन चकमकीत अडकू लागली. रायफल उघडून, अडकलेली पुंगळी काढण्याच्या धडपडीत असतानाच मृत्यू आलेले जवान सापडले. १९६७ साली अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली. तेव्हा उघड झाले की चाचण्यांच्या वेळी काडतुसात जी दारू होती ती पुढे बदलली होती. रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरविला गेला होता. स्वच्छतेची साधने पुरेशी दिली नव्हती. आणि काडतूस बसते त्या कोठीला क्रोमचा मुलामा दिला नव्हता. या चुका सुधारल्यावर तीच रायफल जगातील उत्तम रायफलींत गणली गेली. बंधुभगिनींनो, दोष केवळ आराखड्यात नव्हता. तो दारू बदलणाऱ्याच्या टेबलावर होता, कुंचला न देणाऱ्याच्या कोठारात होता, आणि जवानाची पहिली तक्रार आली तेव्हा ती बाजूस सारणाऱ्याच्या मनात होता.

आपल्या घरची गोष्टही लपवू नये. इन्सास ही रायफल पुण्याजवळच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत आकारास आली. देशी आराखड्याची रायफल देशातील कारखान्यांत व्हावी, हा हेतू अभिमानास्पदच होता. कलाश्निकोव्हचा दट्ट्या आणि एस. एल. आर.चे वायूचे कडे, असा दोहोंचा मेळ तिच्यात घातला होता. परंतु १९९९ साली कारगिलच्या थंडीत तिचे प्लास्टिकचे मॅगझीन तडकल्याच्या व रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या आणि तिने दोन दशकांहून अधिक सेवाही केली. तथापि जवानाच्या मनातून एकदा उतरलेला भरवसा कारखान्याच्या प्रमाणपत्राने परत येत नाही. अखेरीस २०१९ साली ७२,४०० सिग ७१६ रायफलींची मागणी अमेरिकेकडे नोंदविण्यात आली, ही एस. एल. आर.च्याच जड काडतुसाची. आणि डिसेंबर २०२१ मध्ये कलाश्निकोव्हच्या घराण्यातील ए. के. २०३ या सहा लाखांहून अधिक रायफली उत्तर प्रदेशातील कोरवा येथे बनविण्याचा करार झाला. म्हणजे साठ वर्षांच्या फेऱ्यानंतर आपण एका हाती मार व दुसऱ्या हाती भरवसा घेतला आहे.

येथे आपल्या अगदी जवळची एक आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी ए. के. घेऊन शिरले. आपल्यांपैकी कितीतरी जण नित्य त्याच फलाटांवरून घरी परततात. तेथील पोलिसांपैकी ज्यांच्या हाती रायफल होती, ती थ्री-नॉट-थ्री. मार कलाश्निकोव्हहून अधिक, हे आपण गणिताने पाहिले; परंतु एका बारानंतर दुसऱ्यासाठी बोल्ट ओढावयाचा, तर समोरून एका दमात तीस गोळ्या. पन्नासाहून अधिक निरपराध माणसे तेथे मृत्युमुखी पडली. रेझांग लाने १९६२ साली दिलेला धडा शहराच्या पोलिसांपर्यंत पोहोचावयास छेचाळीस वर्षे पुरली नव्हती. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातील तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना शत्रूच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या, पण नळी सोडली नाही. त्यामुळे तो अतिरेकी जिवंत हाती लागला. १० जुलै १९४४ रोजी इटलीत कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनीही असेच केले होते. साथीदार पडलेले, मॅगझीन रिकामे, बदलावयास वेळ नाही. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरून दस्त्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे निकालात काढले व स्वतः देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ओंबळे यांना अशोकचक्र.

या दोन वीरांपुढे आमचे मस्तक नम्र होते. परंतु आम्हांस भीती वाटते ती अशी की, अशा शौर्याच्या कथा सांगून आपण निष्काळजीपणावर पांघरूण घालू. शूराने रिकाम्या हाताने लढावे हे त्याचे मोठेपण; त्याला तसे लढावयास लावावे ही आपली लाज.

आता त्या माउलीचे उत्तर. बाई, तुमच्या मुलाला मिळणारी रायफल पूर्वीपेक्षा खचित चांगली आहे. परंतु रायफल एकटी कधीच चांगली नसते. तिच्यामागे मोठी साखळी असते. आपल्या महाराष्ट्रात खडकी आहे, जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आहे, जेथे काडतुसे होतात. आणि येथून जवळच अंबरनाथला आयुध कारखाना आहे. तेथे आपल्या समाजाची मुले यंत्रावर उभी असतील, तपासणीच्या टेबलावर बसली असतील, किंवा उद्या बसतील. त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. ताग्यात तार तुटली तर आपण 'सेकंड' म्हणून चार पैसे कमी करून तो विकतो. काडतुसात सेकंड नसते. तेथे डोळेझाक केलेला एक नग कोणाच्या तरी मुलाच्या रायफलीत, ऐन वेळी, अडकलेला असतो.

आणि आपल्या जवान मुलांना इतकेच सांगावयाचे की, रायफल रोज उघडा, पुसा, तेल द्या. आणि काही बिघडले तर संकोच न करता वरिष्ठांना सांगा, लेखी सांगा. तक्रार करणे म्हणजे बेशिस्त नव्हे. व्हिएतनामात जवानांचे बोलणे वेळेवर ऐकले असते, तर कित्येक माता आपल्या मुलांना घरी आलेले पाहत्या.

मुलाला शाळेत घालताना आम्ही पालकांना म्हणत असू की, हुशारी देवाने दिलेली असते, पण नियमितपणा घरच्यांनी द्यावा लागतो. रायफलीचेही तसेच. मार आराखड्यातून येतो. भरवसा मात्र शेकडो अनोळखी हातांच्या प्रामाणिकपणातून येतो. त्या हातांत आपलेही हात आहेत, एवढे ध्यानात राहिले तर आजचे हे रूक्ष भाषण सार्थकी लागले असे आम्ही समजू.

यंदा सत्कार झालेल्या मुलांना आमचे आशीर्वाद. ती सर्व सुखरूप परत येवोत, व त्यांच्या रायफलींवर बार काढण्याचा प्रसंगच न येवो; पण आलाच, तर एकही बार वाया न जावो.